भूल उतरते, प्रश्न उरतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील मेंदूविषयीच्या लेखात जाणिवेचे कोडे, म्हणजे मेंदूतून जाणीव कशी निर्माण होते हे, आता जवळजवळ सुटल्याचे विधान वाचले. माणसाची जाणीव घालवणे आणि ती सुखरूप परत आणणे हेच काम मी भूलतज्ज्ञ म्हणून 30 वर्षे केले असल्यामुळे त्याविषयी लिहिणे भाग पडले.

भूल किती द्यावी आणि ती साधारण केव्हा उतरेल, हे आम्ही बऱ्यापैकी नेमके सांगू शकतो. मात्र भुलेखाली जाणीव नेमकी कशामुळे नाहीशी होते, याचे सर्वमान्य उत्तर 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून भूल देण्याचे प्रात्यक्षिक केले तेव्हा नव्हते आणि आजही नाही. प्रोपोफॉल हे भुलेचे औषध मेंदूतील एका प्रकारच्या ग्राहींवर (पेशींवरील, औषध जिथे चिकटते त्या जागांवर) काम करते, केटामाइन हे दुसरे औषध दुसऱ्याच प्रकारच्या. झेनॉनसारखा, एरवी कशाशी फारसा संयोग न पावणारा वायूही माणसाला बेशुद्ध करतो. इतकेच काय, ईथरच्या वाफेत ठेवलेले लाजाळू स्पर्श करूनही मिटत नाही, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते, आणि लाजाळूला मन असते असे निदान मी तरी म्हणणार नाही.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. भूलतज्ज्ञ टनस्टॉल यांनी 1977 मध्ये सिझेरियनच्या वेळी वापरलेल्या पद्धतीत, स्नायू शिथिल करणारे औषध देण्याआधी रुग्णाच्या एका हाताला पट्टा बांधून तो फुगवतात, म्हणजे औषध त्या हातापर्यंत पोचत नाही आणि तेवढा हात हलू शकतो. मग रुग्णाला सांगायचे, ‘ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.’ पुरेशी भूल दिलेली दिसत असूनही काही रुग्ण हात दाबतात, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांतील बहुतेकांना यातले काहीही आठवत नाही. तेव्हा त्या वेळी जाणीव गेलेली होती, की ती शाबूत असून केवळ तिची आठवण उमटत नव्हती? ‘मला काहीच कळले नाही’ हे रुग्णाचे म्हणणे आम्ही पुरावा मानतो. पण तो पुरावा स्मृतीचा आहे, जाणिवेचा नव्हे.

मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी 1998 मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती, की जाणिवेमागची मेंदूतील यंत्रणा 25 वर्षांत स्पष्ट होईल. 2023 मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी हार मान्य करून ठरलेल्या वाइनच्या बाटल्या चाल्मर्स यांच्या हवाली केल्या. आपल्या लेखात या पैजेचा उल्लेखही नाही, याचे नवल वाटले.

लेखाचा पुढील भाग येणार असल्यास त्यात हाताच्या पट्ट्याची ही पद्धत जरूर यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ, सांगली