कोसंबी आणि आमचं वाचनालय

म्हार्दोळ, गोवा
५ जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वहिनींचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं हे ऐकून बरं वाटलं. महिनाभर तरी त्यांना जिना चढू देऊ नकोस.

तू फोनवर जे विचारलंस ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. ‘देवळातल्या लोकांनी कोसंबींचा कार्यक्रम बंद पाडला’ असं तुझ्या कानावर आलं. बंद पाडला नाही, पुढे ढकलला. आणि तो ढकलायला फक्त देवळातली माणसं नव्हती, सगळ्या बाजूंची होती.

२९ जून ही इतिहासकार आणि गणिती दामोदर कोसंबींची पुण्यतिथी. १९६६ साली ते पुण्यात गेले. दरवर्षी आपल्या वाचनालयात आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, कुणीतरी पाहुणा ‘गोव्याचे थोर सुपुत्र’ म्हणून अर्धा तास बोलतो आणि चहा घेऊन लोक घरी जातात. यंदा मी सुचवलं की भाषण नको, त्यांचा एकच निबंध सगळ्यांनी मिळून वाचू. निवडलाही मुद्दाम आपल्याबद्दलचाच. त्यांच्या १९६२ सालच्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकातला शेवटचा निबंध गोव्याच्या जुन्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांतल्या, ग्रामसंस्थेवर आहे, आणि उपशीर्षकातच त्यांनी इतिहासाला स्कंदपुराणासमोर उभं केलं आहे. ठिणगी तिथेच पडली.

तू आता पुण्याचा झालास, तरी अंत्रूजमध्ये, आपल्या फोंडा भागात, वाढलेल्या माणसाला हे का झोंबतं ते तुला वेगळं सांगायला नको. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला, दहा गोत्रांचे ब्राह्मण आणले आणि साष्टीच्या सहासष्ट व तिसवाडीच्या तीस गावांत वसवले, ही स्कंदपुराणाच्या सह्याद्रिखंडातली कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली. मंगेश कुशस्थळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची, वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह सांखवाळचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा हे सगळे देव नदी ओलांडून इकडे आले, कारण तेव्हा इकडे पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. त्यामुळे सहासष्ट गावांची कथा आपल्याकडे नुसती पुराणातली राहिली नाही. ती सोडून आलेल्या घराची कथा झाली. त्या कथेला कुणी हात लावला की माणूस दुखावतो, आणि ते दुखणं खरं आहे. मी ते हसण्यावारी नेणार नाही.

पण कोसंबी तरी परके कुठे होते? वडील धर्मानंद १८७६ साली त्याच सांखवाळात जन्मले, आणि दामोदर १९०७ साली कोसबेनला. म्हणजे ज्या वस्तीची कथा त्यांनी तपासायला घेतली, त्याच वस्तीतून त्यांचं घराणं आलं होतं.

आणि तपासणी कशी केली ते बघ. पोथी उघडण्याआधी ते शेतात उतरतात. साष्टी-तिसवाडीचं भात पिकतं कुठे? खाजनात. भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं, मानसीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं भरती-ओहोटी बघून उघडायची-मिटायची, मग त्या खाऱ्या मातीत कोरगुटासारखं भात धरायचं. हा बांध एका घराच्या ताकदीचा नाही. एका रात्रीत फुटला तर अख्ख्या गावाचं पीक जातं. म्हणून जमीन गावाची, ती ठरावीक मुदतीने पावणीला, म्हणजे लिलावाला, काढायची, त्या पैशातून बांध, देऊळ, गावचा खर्च भागवायचा आणि उरलेलं गांवकारांत, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांत, जोण म्हणून वाटायचं. पोर्तुगीजांनाही हे मोडता आलं नाही. १५२६ साली आफोंस मेशियाने गांवकारीचे रिवाज सनदेत लिहून घेतले, आणि आजही कोमुनिदादी, म्हणजे त्याच गांवकारी, १९६१ च्या संहितेवर चालतात. कोसंबींचा प्रश्न इथून सुरू होतो: ज्या जमिनीला इतक्या हातांची गरज होती, तिच्यावर वंशपरंपरेने हक्क मोजक्या घराण्यांचा कसा झाला? आणि त्या हक्काला पाठबळ देणारं पुराण कधी, कुणासाठी रचलं गेलं?

आता या निबंधावरून वाचनालयात झालेल्या सभेत कोण काय म्हणालं ते सांगतो. नावं लिहीत नाही, तू ओळखशीलच.

देवळाच्या महाजनांपैकी जे बँकेतून निवृत्त झाले ते सगळ्यात आधी उठले. म्हणाले, ‘बापाने धर्म सोडला, मुलाने देव. त्यांच्याकडून आम्ही आमचा इतिहास का शिकायचा?’ धर्मानंदांबद्दल हे ऐकून मला फार वाईट वाटलं. बुद्ध समजून घ्यायचा म्हणून १८९९ मध्ये घर सोडलेला, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथा घालणारा, हार्वर्डला पाली ग्रंथ संपादणारा आणि हे सगळं मराठी वाचकासाठी साध्या मराठीत आणणारा माणूस, आणि त्याचा उल्लेख एका वाक्यात, तोही मुलाला हाणायला. धर्मानंदांनाही हेच भोगावं लागलं होतं. ‘भगवान बुद्ध’मध्ये मांसाहाराबद्दल जुन्या ग्रंथांच्या आधारे त्यांनी जे लिहिलं, त्यावरून जैन समाजातून मोठं वादळ उठलं. पुरावा पुढे ठेवून लिहिणारा माणूस आपल्याकडे आधी कुळावरून मोजला जातो.

दुसऱ्या बाजूने आपले जुने कामगार पुढारी बोलले. त्यांच्या दृष्टीने कोसंबी म्हणजे मार्क्सवादी, म्हणजे ‘आमचे’, म्हणून त्यांच्याविरुद्ध बोलणारा प्रत्येक जण प्रतिगामी. मी त्यांना विचारलं, कम्युनिस्ट पुढारी डांग्यांचं प्राचीन भारतावरचं पुस्तक १९४९ साली आलं तेव्हा त्याची सगळ्यात निर्दय चिरफाड कुणी केली? कोसंबींनीच केली. पक्षाच्या चौकटीत बसवलेला मार्क्स त्यांना कधी रुचला नाही. अणुऊर्जेचा गाजावाजा चालू असताना या देशाने सूर्याच्या उष्णतेचा विचार करावा असं ते लिहीत राहिले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली त्यांची नोकरी १९६२ मध्ये संपली. ज्यांना ते आपले वाटत होते त्यांनाही ते गैरसोयीचेच होते.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते तिसऱ्या मताने. आपल्या हायस्कुलात नवे शिक्षक आले आहेत, गावडा या इथल्या आदिवासी समाजातले, तिशीतले, फार वाचणारे. मला वाटलं होतं ते निबंधाच्या बाजूने जोरात बोलतील. कारण ज्यांनी काही लिहून ठेवलं नाही त्यांचा इतिहास त्यांच्या शेतात, हत्यारांत, देवांत शोधायचा, ही तर कोसंबींची पद्धत. ते बोललेही, पण वेगळं. म्हणाले, ‘त्यांनी आमच्याकडे बघितलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण बघितलं ते जुन्या काळाचा उरलेला तुकडा म्हणून. माझी आजी काही तुकडा नव्हती. ती १९७० सालात जगत होती, कूळकायद्याचा हक्क पदरात पडायची वाट बघत.’ सभा एकदम गप्प झाली.

त्यांचं म्हणणं मला पटतं. गोव्याचा कूळकायदा १९६४ चा, मुंडकारांचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा, १९७५ चा. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. वर्तमानात हक्कासाठी झगडणाऱ्या माणसांना केवळ भूतकाळाच्या खुणा म्हणून वाचणं ही त्या पद्धतीची उणीव आहे, आणि ती दाखवायचा अधिकार त्या शिक्षकांइतका कुणालाच नाही. ते निबंध वाचून, समास भरून आले होते. बाकीच्यांपैकी फारच थोड्यांनी पहिलं पानसुद्धा उलटलं होतं.

माझंही एक भांडण आहे कोसंबींशी. स्वतःत बंद झालेलं, स्वयंपूर्ण, संथ खेडं हे चित्र त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येतं. मीठ आणि धातू बाहेरून आणावे लागतात हे त्यांनीच नोंदवलं आहे, पण आपल्या किनाऱ्यावर ती गोष्ट अपवादाएवढी लहान राहत नाही. कदंब राजांच्या काळात गोव्यातलं गोपकपट्टण हे समुद्रापलीकडे व्यापार करणारं बंदर होतं. आपल्या आगरांतलं मीठ लमाणांच्या बैलांवरून घाट चढायचं. खाजनातला गांवकार बंदरापासून हाकेवर होता. हे त्यांच्या मांडणीत कसं बसवायचं, यावर मला सभेत बोलायचं होतं. तिथवर चर्चा गेलीच नाही, सगळा वेळ त्यांचं कुळ, त्यांचा पक्ष आणि त्यांचा स्वभाव यांतच गेला.

शेवटी उठले आपले शास्त्रीबुवा. सगळ्यांना वाटलं, आता हे आग ओकणार. त्यांनी पिशवीतून एक जुना ग्रंथ काढून टेबलावर ठेवला: भर्तृहरीच्या सुभाषितांची १९४८ ची कोसंबींची आवृत्ती. देशभरातली हस्तलिखितं जुळवून, एकेका श्लोकाचा पाठ ठरवून केलेलं काम. ग्रंथमाला सिंघी जैन, संपादक गणिताचा प्राध्यापक, आणि अर्पणपत्रिका मार्क्स, एंगल्स, लेनिन यांना. शास्त्रीबुवा म्हणाले, ‘भर्तृहरीच्या वैराग्याबद्दल या माणसाने जे लिहिलंय ते मला मुळीच मान्य नाही. पण भर्तृहरीचा शुद्ध पाठ मला हवा असतो तेव्हा मी यांच्याकडेच जातो.’

मित्रा, मला त्या क्षणी डॅनियल इंगॉल्स आठवले. बंगालच्या जगद्दल विहारातल्या विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ कोसंबींनी वि. वि. गोखल्यांबरोबर संपादित केला, तो १९५७ साली हार्वर्डच्या मालिकेत निघाला. प्रस्तावनेत कोसंबींनी ही सगळी कविता ज्या वर्गाच्या आश्रयाने वाढली त्या वर्गाची कविता म्हणून तोलली. इंगॉल्स हे हार्वर्डचे संस्कृतचे प्राध्यापक. त्यांना हे अजिबात पटलं नाही. मग त्यांनी काय करावं? त्याच कोशाचा आख्खा इंग्रजी अनुवाद केला, १९६५ मध्ये त्याच मालिकेत छापला आणि त्याच्या प्रस्तावनेत कोसंबींच्या मताचा मुद्देसूद प्रतिवाद केला. दोन्ही ग्रंथ एकाच मालिकेत आहेत. कोसंबींशी असं भांडता येतं. आपल्या वाचनालयाने तेवढी तरी हिंमत करावी असं मला मनापासून वाटतं.

पणजीला कला अकादमीत २००८ पासून त्यांच्या नावाने विचार महोत्सव सुरू झाला. मी गेलो आहे, उत्तम व्याख्यानं ऐकली आहेत, एकमेकांना न पटणारी माणसं तिथे बोलली ही चांगली गोष्ट आहे. पण केवळ व्यासपीठाला नाव देऊन भागत नाही. आपल्याच गावात वारुळाच्या रूपात सातेरी पुजली जाते. तिच्यापासून शांतादुर्गेपर्यंतचा प्रवास कसा झाला, हे आज कुणी कोसंबींसारखं पायी फिरून, गुरवाला, गावकराला, पेरणी करणाऱ्या बाईला विचारून लिहितंय का? कुशावतीकाठी पणसायमळची कातळशिल्पं अभ्यासकांपुढे आली १९९३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाव शतकाने. ती त्यांनी पाहिली असती तर काय काय बदललं असतं, याचा विचार करून मला अजून झोप लागत नाही कधी कधी.

सभेत ठरलं ते एवढंच: निबंध मराठीत आणायचा, प्रत प्रत्येकाला आधी द्यायची आणि गणेशचवथ झाल्यावरच्या पहिल्या रविवारी पुन्हा बसायचं. निवृत्त बँकवाल्यांनी अट घातली की सह्याद्रिखंडातले संबंधित अध्यायही त्याच दिवशी वाचायचे. मी लगेच हो म्हटलं. गेर्सन द कुन्यांनी १८७७ साली मुंबईत छापलेल्या आवृत्तीवरून उतारे काढायचं काम शास्त्रीबुवांनी अंगावर घेतलं आहे. शिक्षक गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून खाजनातल्या कामांच्या वाटणीबद्दल टिपणं आणणार आहेत, म्हणजे बांधावर कोण, मानसीवर कोण, मळणीला कोण.

आता तुझ्याकडे काम. तू वाकडला राहतोस. कोसंबींनी त्याच पुस्तकात वाकड-हिंजवडीच्या म्हातोबाबद्दल, जोगूबाईबद्दल आणि बगाडाबद्दल लिहिलं आहे. तेव्हा तिथे गुरांच्या वाटा होत्या, आज तुझ्या ऑफिसच्या इमारती आहेत. दोन्ही देवळांत जाऊन ये, यात्रेचे मानकरी कोण, कुठल्या घराण्याचा कुठला मान, हे जाणत्या माणसांना विचार आणि कोसंबींचं लिखाण समोर ठेवून काय जुळतं, काय जुळत नाही ते मला कळव. जिथे ते चुकले असतील तिथे स्पष्ट लिही. सभेत मी ते जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे.

भाषांतराची पहिली दहा पानं सोबत जोडली आहेत. जमिनीच्या हक्कांचा भाग मला अजून अडखळल्यासारखा वाटतो, तो नीट बघ आणि या महिन्यातच परत पाठव, कारण छपाईवाल्याला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात द्यायचं कबूल केलं आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच