पावतीपुस्तकाबरोबर मोजपट्टीही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

31 मे, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिन, जवळ आला की महापालिका आणि जिल्हा परिषदांमध्ये तंबाखू नियंत्रणाची कार्यशाळा भरते. काळवंडलेल्या फुप्फुसाची चित्रे, शपथ, चहा-बिस्किटे, प्रमाणपत्र. त्यातून बाहेर पडलेला आरोग्य निरीक्षक रात्री परमिट रूमच्या दारात उभा राहतो, तेव्हा कारवाई कोणावर करायची आणि पंचनाम्यात काय लिहायचे हे त्याला कोणीच सांगितलेले नसते. मग तो एका ग्राहकाकडून 200 रुपये घेतो, पावती फाडतो आणि निघतो. दहा मिनिटांत पुढची सिगारेट पेटते.

2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचे कलम 4 (सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी) आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू असलेले नियम यांत खरी जबाबदारी जागेच्या मालकावर किंवा व्यवस्थापकावर टाकली आहे. कोणी धूम्रपान करत असल्याची तक्रार मिळूनही त्याने काही केले नाही, तर जितके जण ओढताना सापडले तितक्या गुन्ह्यांचा दंड त्याला भरावा लागतो. गोम ‘तक्रार मिळूनही’ या शब्दांत आहे. पथक आले, सहा जण ओढताना दिसले आणि थेट व्यवस्थापकावर दंड लावला, तर ‘मला कोणी सांगितलेच नाही’ या एका वाक्यावर तो निसटतो. म्हणून आधी तक्रार रीतसर नोंदवायची. ती कोणाकडे करायची त्याचे नाव दर्शनी भागात लावणे नियमानेच बंधनकारक आहे. नाव नसेल तर तीही त्रुटी लिहायची. गल्ल्यावरच्या माणसाला लेखी द्यायचे, वेळ टाकायची, पोच घ्यायची आणि दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. तेवढ्यात वेटर टेबलावर जाऊन सांगतो की नाही, एवढेच पाहायचे. मग टेबलनिहाय संख्या लिहून पंचांच्या सह्या घ्यायच्या. हा क्रम वर्गात दोनदा वठवून घेतला तरी अर्धे काम होईल.

दुसरी गोष्ट मोजमापाची. ‘धूम्रपान निषिद्ध’चा फलक किमान 60 बाय 30 सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर हवा. वर्तुळाचा बाह्य व्यास किमान 15 सेंटिमीटर, लाल कडा किमान 3 सेंटिमीटर रुंद आणि चित्रावरची आडवी लाल पट्टी त्याच रुंदीची. तो प्रत्येक प्रवेशद्वारावर, प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टपाशी लागतो. ए-फोर कागदावर छापून काचेला चिकटवलेले चित्र म्हणजे फलक नव्हे. तरीही ‘फलक आढळला’ असा शेरा मारून मोकळे होणारे कमी नाहीत. मोजपट्टी धरूनच फोटो काढावा.

ॲश-ट्रे, काडेपेटी, लायटर पुरवणे निषिद्ध आहे. हे आता मालकांनाही माहीत असल्यामुळे टेबलावर ॲश-ट्रे मिळत नाही. मिळते ती ओला टिश्यू घातलेली स्टीलची वाटी, तळाशी बोटभर पाणी असलेला कागदी कप किंवा कोपऱ्यात झाड नसलेली वाळूची कुंडी. वाटीत थोटके असतील तर ती कुठल्या टेबलावर होती आणि किती थोटके होती, हे पंचनाम्यात आले पाहिजे.

सर्वांत जास्त फसवणूक ‘स्मोकिंग झोन’मध्ये होते. ही सवलत फक्त विमानतळाला, 30 किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलला आणि 30 किंवा अधिक आसनांच्या रेस्टॉरंटला आहे. कागदावर 40 आसने आणि प्रत्यक्षात 24 खुर्च्या, असे असू शकते. त्यामुळे खुर्च्या मोजाव्यात. खोलीला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, दार आपोआप मिटणारे हवे आणि धूर थेट इमारतीबाहेर गेला पाहिजे. तपासणी सोपी आहे: दार बोटभर उघडून फटीत टिश्यूची पातळ पट्टी धरा. ती धूम्रपानाच्या खोलीकडे ओढली गेली तर हवेचा दाब बरोबर आहे. जेवणाच्या हॉलकडे फडफडली तर धूर बाहेर येतोय. मग पंख्याचे तोंड कुठे उघडते ते पाहा. पुष्कळदा ते फॉल्स सीलिंगमध्येच सोडलेले असते आणि तिथून एसी तोच धूर सगळीकडे फिरवतो. या खोलीत कोणतीही सेवा देता येत नाही. ट्रे घेऊन आत जाणारा वेटर दिसला, दार खुर्ची लावून उघडे ठेवलेले दिसले, की तेवढ्यावरही नोंद होते.

‘आमचे रूफटॉप आहे, उघड्यावर आहे’ हा युक्तिवादही टिकत नाही, कारण रेस्टॉरंटच्या व्याख्येत त्याभोवतीची मोकळी जागा येते. कार्यालयांचेही तसेच. कामाची जागा नियमात आहे, त्यामुळे खासगी कंपनीचा जिना सुटत नाही आणि (हे प्रशिक्षणात हळू आवाजात सांगतात) सरकारी कचेरीचे स्वच्छतागृहही.

हुक्का वेगळा शिकवावा. मुंबईतल्या कमला मिल परिसरातील रेस्टॉरंटला 2017 मध्ये लागलेल्या आगीत 14 जीव गेले, चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवले गेले, आणि 2018 मध्ये राज्याने हुक्का पार्लरवर बंदी आणली. तिथे 200 रुपयांची पावती फाडणे म्हणजे मालकाला स्वस्तात सोडणे. तो पोलिसांचा विषय आहे. ‘हर्बल’ असल्याचे सांगितले तर वाद घालत बसू नये, मिश्रणाचा नमुना सीलबंद करून घ्यावा. ई-सिगारेटसाठी 2019 चा स्वतंत्र कायदा आहे, तिची पावती कलम 4 खाली फाडू नये.

2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात तंबाखू सेवन करणारे प्रौढ 26.6 टक्के, पण ओढणारे 3.8 टक्केच आढळले. त्यामुळे प्रशिक्षणाचा सगळा वेळ गुटख्यावर जातो, हे समजण्यासारखे आहे. पण बंद खोलीतला धूर न ओढणाऱ्या वेटरच्या छातीत रोज आठ-दहा तास जातो, तो या टक्केवारीत कुठेच दिसत नाही.

मागणी साधी आहे. एका दिवसाऐवजी दोन दिवस द्या: पहिल्या दिवशी पंचनामा आणि पोच लिहिण्याचा सराव, दुसऱ्या दिवशी रात्री आठनंतर, पोलीस सोबत घेऊन, प्रत्यक्ष तपासणी. सकाळी अकराला बार तपासून काही सापडत नाही. प्रत्येकाच्या हाती त्याच्या पदनामाचा अधिकार देणाऱ्या आदेशाची प्रत असावी, कारण ‘तुम्ही कोण?’ हा पहिला प्रश्न असतो. आणि दोषी ठरलेल्या जागांची यादी दर महिन्याला परवाना विभागाकडे जावी, म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी ती समोर असेल.

– तंबाखू नियंत्रण प्रशिक्षणाशी संबंधित काही वाचक, पुणे