‘स्वीकारा’ म्हणताना पुढचा शब्द का गाळला?

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत स्वीकार आणि बांधिलकी उपचारपद्धतीवरचा लेख वाचला. विषय घेतलात, बरे वाटले. पण लेखाचा शेवट ‘आहे ते स्वीकारा आणि नकारात्मक विचारांना थारा देऊ नका’ असा केलेला पाहून मी अडखळले. नावातला दुसरा शब्द त्यात गळाला होता आणि पहिल्याचा अर्थ उलटा झाला होता. मी तज्ज्ञ नाही. तीस वर्षे हिशेब तपासते आहे आणि वर्षभर एका समुपदेशक बाईंकडे ही पद्धत शिकते आहे. तेवढ्या बळावर लिहिते.

माझा त्रास तसा किरकोळ, पण चिवट. ताळेबंद जुळला रे जुळला की मन म्हणणार, काहीतरी चुकलंय. एका रात्री एकच तक्ता सात वेळा तपासला आणि सातव्या खेपेला बरोबर आकडा खोडून चुकीचा लिहिला. थारा न देण्याचा उपाय मी कित्येक वर्षे केलेला आहे. दार लावले की विचार खिडकीतून येतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये काही जणांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले होते. कुणालाच ते पुरते जमले नाही. पुढे विचार करायला मोकळीक दिल्यावर, आधी दडपणाऱ्यांच्याच मनात अस्वल जास्त वेळा आले.

बाईंनी पहिल्याच महिन्यात मला ‘चूक’ हा शब्द अर्धा-पाऊण मिनिट भराभर, मोठ्याने म्हणायला लावले. घरी सराव म्हणून न्हाणीघरात सुरू केले : चूक चूक चूक चूक... बाहेरून मुलीने विचारले, “आई, आत पाल आहे का?” हसू आवरेना. पण खरेच, विसाव्या-पंचविसाव्या वेळेनंतर त्या शब्दातला डंख गेला, नुसता आवाज उरला. ही युक्ती जुनी आहे. एडवर्ड टिचनर यांनी 1916 मध्येच नोंदवले होते की एखादा शब्द सतत उच्चारला की त्याचा अर्थ विरतो. आता मी ‘माझं चुकलंय’ऐवजी ‘माझं चुकलंय असा विचार मनात आला आहे’ असे म्हणते. वाक्य लांबते, हिशेबाच्या माणसाला ते खटकते, पण त्या लांबीतच श्वास घ्यायला जागा मिळते. विचार खरा की खोटा, हा वाद घालत बसायचे नाही. तो आला आहे एवढी नोंद करायची आणि हातातले काम पुढे न्यायचे.

ही पद्धत उभी करणारे स्टीव्हन हेज स्वतः भीतीच्या झटक्यांनी बेजार झालेले प्राध्यापक. विभागाच्या बैठकीत बोलायची पाळी आली आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. प्रसंग टाळत गेल्याने भीती आणखी बळावली, असे ते स्वतःच सांगतात. म्हणून इथे स्वीकार म्हणजे धडधडीला छातीत जागा देणे. नोकरीतला अन्याय किंवा घरातली मारहाण मुकाट सोसा, असे ही पद्धत कुठेच म्हणत नाही. लेख वाचून कुणाचा तसा समज झाला तर त्याला दोष कसा द्यावा?

आणि आता तो गळालेला शब्द, बांधिलकी. बाईंनी एकदा विचारले, “ही भीती उद्या सकाळी गेली तर काय कराल?” मी पटकन म्हणाले, ताईला फोन करीन. माझ्या थोरल्या बहिणीची वाचा पक्षाघाताने अडखळती झाली आहे. आपण भलतेच काही बोलून बसू, या धास्तीने मी फोन टाळत होते. ती नाराज नव्हती, वाट पाहत होती. “मग भीती जाईपर्यंत कशाला थांबता?” बाई म्हणाल्या. तेव्हापासून दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता फोन करायचा, धडधड असो वा नसो. काही मंगळवार चुकलेही.

सगळ्यांना समुपदेशक परवडत नाही, हे मान्य. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये याच पद्धतीवर आधारलेली, ताणतणावावरची एक सचित्र पुस्तिका काढली आहे. ती विनामूल्य आहे आणि तिच्यातले सराव रोज थोड्या मिनिटांत होतात. पुढच्या लेखात तिची ओळख द्यावी. ज्यांना जगणेच नकोसे झाले आहे त्यांनी मात्र पुस्तिकेवर न थांबता थेट डॉक्टरांना गाठावे, ही ओळ ठळक टाईपात छापावी.

परवाच्या मंगळवारी ताईला ‘खिडकी’ म्हणायला बराच वेळ लागला. मी तिच्या तोंडचा शब्द पुरा केला नाही. घड्याळाकडे दोनदा पाहिले, हे कबूल करते.

आपली,
एक हिशेब तपासनीस
(ताईच्या खासगीपणासाठी नाव छापू नये, ही विनंती.)