आधी ग्रामसभा, मग नकाशा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार, २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही आपला देश प्रयत्नात आहे. आनंद मलाही आहे. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूल या आदिवासी भागात मी बरीच वर्षे मास्तरकी केली. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य जिंकले, तेव्हा माझ्या वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत अनवाणीच रस्त्याने धावत सुटली होती.

पण स्टेडियमपाठोपाठ रस्ते येतात, हॉटेलं येतात. त्यांना जमीन लागते. कॅनडात व्हँकुव्हरच्या २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकआधी महामार्ग रुंद करायला ईगलरिज ब्लफ्सचा डोंगर फोडायला घेतला, तेव्हा हॅरिएट नहानी ही सत्तरीतली आदिवासी आजी आडवी आली. त्या प्रांतातल्या बहुतेक जमिनीवरचा हक्क मूळ रहिवाशांनी कोणत्याही कराराने सोडलेला नाही, हेच तिचे म्हणणे. न्यायालयाच्या अवमानाबद्दल जानेवारी २००७ मध्ये तिला १४ दिवसांची कैद झाली. सुटली आणि न्यूमोनियाने रुग्णालयात गेली. फेब्रुवारीत वारली. पुढे उद्घाटनाला चार आदिवासी समाजांचे प्रमुख यजमान म्हणून मानाने बसले. त्यांतल्या दोन समाजांनी वाटाघाटी करून जमीनही मिळवली, ते चांगलेच झाले. तरी प्रमुखांची सही म्हणजे त्या आजीची संमती, असे मला म्हणवत नाही.

आपल्याकडे कायदा कमी नाही. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या पट्ट्यात, जमीन घ्यायची तर ग्रामसभेची पूर्वसंमती हवी, असे २०१३ चा भूसंपादन कायदा सांगतो. वनदाव्याची, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काच्या अर्जाची, पडताळणी पूर्ण होईपर्यंत कसणाऱ्याला हटवता येत नाही, असे २००६ चा वनहक्क कायदा सांगतो. पण दावाच वर्षानुवर्षे पडून असेल तर? माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी दाव्याची पोच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कौलाखाली खोचून ठेवली आहे. पावसाने कडा पिवळ्या पडल्यात. नागली-वरई पिकवतात ते त्या उतारावर, पण सातबाऱ्यावर नाव नाही. मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये ते नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले होते. तळपायाची सालं निघाली होती.

आमचा सुरगाणा तालुका ओलांडला की गुजरातचा डांग जिल्हा. आमच्या माणसांची सोयरीक तिकडेही आहे, त्यामुळे तो गुजरातचा प्रश्न म्हणून आम्हाला गप्प बसता येत नाही. स्पर्धेच्या किंवा तिच्या निमित्ताने होणाऱ्या पर्यटनाच्या नावाखाली आदिवासी गावातली जागा धरायची असेल, तर तिचे गट नंबर आधी ग्रामसभेत, लोकांच्या बोलीत, वाचून दाखवावेत. बायका रानातून परतल्यावर सभा भरवावी, सकाळी अकराला नको. 'नाही' असा ठराव झाला तर तोही इतिवृत्तात जसाच्या तसा लिहावा. त्या गावातले वनदावे निकाली निघेपर्यंत निविदा काढू नये.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नाशिक