समन्स कुणाचे, हे आधी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांवरील महाभियोगाचा विषय निघाला की एक विधान हमखास ऐकू येते. आपल्या पत्रस्तंभातही ते मागे येऊन गेले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या वेळीच सुप्रीम कोर्टाने निकाल लावला, त्यामुळे संसदेने मागितलेले कागद राष्ट्राध्यक्षाला अडवून धरता येत नाहीत, असे ते विधान. मी दिवाणी न्यायालयात बेलिफ होतो, उभी नोकरी समन्स बजावण्यात गेली. त्यामुळे हातात समन्स आले की ते कुणी काढले आहे, हे आधी पाहायची खोड लागली आहे.

२४ जुलै १९७४ चा तो निकाल आठ विरुद्ध शून्य असा लागला (न्या. रेनक्विस्ट सुनावणीपासून दूर राहिले होते). पण कोर्टापुढचे समन्स संसदेचे नव्हतेच. वॉटरगेटच्या (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी आणि ती दडपण्याचे प्रकरण) फौजदारी खटल्यासाठी, निक्सन यांच्या संभाषणांच्या ध्वनिमुद्रित टेप मिळाव्यात म्हणून, विशेष सरकारी वकील लिऑन जावोर्स्की यांनी ते कोर्टाकडून काढवले होते. राष्ट्राध्यक्षाला सल्लामसलत गुप्त ठेवण्याचा विशेषाधिकार आहे, हे कोर्टाने त्याच निकालात मान्यही केले. फौजदारी खटल्याला पुरावा लागत असताना सरसकट गुप्ततेची सबब चालणार नाही, एवढेच ठरले. संसदेच्या समन्साबाबत कोर्टाने काही ठरवले नाही. उलट सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, वॉटरगेट समितीने टेपसाठी लावलेला दावा त्याच वर्षी मे महिन्यात अपील कोर्टात फेटाळला गेला होता.

महाभियोगाची चौकशी होती प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या, न्यायविषयक समितीकडे. पीटर रोडिनो तिचे अध्यक्ष. समितीने ११ एप्रिलला ४२ संभाषणांच्या टेपसाठी समन्स काढले. निक्सननी टेप दिल्याच नाहीत. व्हाइट हाउसमध्येच काटछाट करून टंकलेली बाराशेहून अधिक पाने महिनाअखेरीस बाहेर काढली, शिव्या गाळून! सातबाराचा उतारा मागावा आणि पक्षकाराने घरी बसून स्वतःच्या अक्षरात तो लिहून आणावा, तशातला प्रकार. ही समन्साची पूर्तता नव्हे, असे पत्र समितीने १ मे रोजी धाडले खरे, पण तेही २० विरुद्ध १८ अशा काठावरच्या मतांनी.

समिती कोर्टात गेली नाही. महाभियोगाचा अधिकार राज्यघटनेने आपल्याला दिला आहे, तो वापरायला न्यायाधीशाची परवानगी कशाला, ही भूमिका. समन्स धुडकावल्याचा आरोप तिसरे कलम म्हणून ३० जुलैला मांडला तो रॉबर्ट मॅक्लोरी या रिपब्लिकन सदस्याने, म्हणजे निक्सन यांच्याच पक्षातल्या माणसाने. पहिली दोन कलमे २७-११ आणि २८-१० अशी सहज निघाली होती, हे तिसरे २१-१७ वर आले. पूर्ण सभागृहात मतदान होण्याआधीच, ९ ऑगस्टला, निक्सन पायउतार झाले आणि प्रश्न तिथेच लटकला.

वॉशिंग्टन यांचे उदाहरण तर याहून बोलके. १७९६ मध्ये ब्रिटनशी झालेल्या ‘जे करारा’चे (Jay Treaty) कागद प्रतिनिधिगृहाने मागितले, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. पण नकार देतानाच लिहून ठेवले, की हे कागद या सभागृहाच्या कोणत्याही कामाचे नाहीत, अपवाद महाभियोगाचा, आणि तसा हेतू तुमच्या ठरावात दिसत नाही. पहिल्याच राष्ट्राध्यक्षाने ठेवलेली ही फट पुढच्यांनी बुजवत आणली.

२०१९ च्या हिवाळ्यात मी न्यू जर्सीला मुलीकडे होतो. ट्रम्प यांच्या महाभियोगाची सुनावणी टीव्हीवर दिवस दिवस पाहिली. ८ ऑक्टोबरला व्हाइट हाउसचे वकील पॅट सिपोलोनी यांनी आठ पानी पत्र पाठवून कळवले होते, की तुमची चौकशीच अवैध, आम्ही सहकार्य करणार नाही. अमुक कागदावर विशेषाधिकार सांगतो, असा रीतसर दावाही नाही. आतून कडी लावून ‘साहेब घरी नाहीत’ म्हणणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, त्यांतलाच हा मामला. तरीही योव्हानोविच, टेलर, व्हिंडमन यांच्यासारखे अधिकारी समन्साला मान देऊन आले आणि बोलले. व्हाइट हाउस आणि परराष्ट्र खात्याने मात्र कागदाचा कपटाही दिला नाही.

सिनेटमध्ये ट्रम्प यांचे वकील म्हणाले, प्रतिनिधिगृहाने आधी कोर्टात जायला हवे होते. त्याच सुमारास ट्रम्प सरकारचे न्याय खाते कोर्टात सांगत होते, की असले वाद ऐकण्याचा कोर्टाला अधिकारच नाही. हे ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला.

प्रतिनिधिगृहात तेव्हा बहुमत असलेल्या डेमोक्रॅट पक्षालाही मी सोडणार नाही. ट्रम्प यांचे माजी उपराष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कपरमन यांनी आपण व्हाइट हाउसचे ऐकावे की प्रतिनिधिगृहाचे, असे कोर्टालाच विचारले, तर डेमोक्रॅटांनी समन्स मागे घेतले. माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार बोल्टन यांच्यावर काढलेच नाही. नाताळच्या आत काम उरकायची घाई. १८ डिसेंबरला ‘संसदेची अडवणूक’ हे कलम २२९-१९८ ने मंजूर केले आणि सिनेटने साक्षीदार बोलावायला ५१-४९ ने नकार देऊन ते ५३-४७ ने निकालात काढले. कोर्टाचीही काही घाई दिसली नाही, हे खरे. व्हाइट हाउसचे माजी वकील मॅगान यांच्यावरचे प्रतिनिधिगृहाचे समन्स एप्रिल २०१९ चे. साक्ष झाली जून २०२१ मध्ये, तीही बंद दाराआड आणि राष्ट्राध्यक्ष बदलल्यावर.

पण कोर्टाला घाई करता येते. १९७४ मध्ये खालच्या कोर्टाचा टेपबाबतचा आदेश २० मेचा आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल २४ जुलैचा. महाभियोगातल्या समन्सासाठी अशीच मुदत कायद्याने बांधून द्यावी, असे माझे मत. तसे नसेल तर संसदेने आपला जुना बेलिफ पुन्हा कामाला लावावा. १९२४ मध्ये माजी ॲटर्नी जनरलचे भाऊ मॅली डॉहर्टी साक्षीला येईनात, तेव्हा सिनेटच्या माणसाने सिनसिनाटीत जाऊन त्यांना अटक केली होती. सुप्रीम कोर्टाने पुढे सिनेटचीच बाजू उचलून धरली. अर्थात तो निकालही १९२७ उजाडल्यावर आला.

आपला,
एक निवृत्त बेलिफ, सातारा