आंब्याचं लेबल छापणाऱ्यालाही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आंब्याचा सीझन आला की तुमच्या पेपरात आणि बाकीच्या पेपरातसुद्धा एक बातमी ठरलेली असते, कर्नाटकचा आंबा देवगड हापूस म्हणून विकला जातोय. वाशी मार्केटचा फोटो असतो, बागायतदार चिडलेले असतात, गिऱ्हाईक फसलेलं असतं. सगळं खरं आहे. पण ज्या लेबलवर 'अस्सल देवगड हापूस' असं मोठ्या अक्षरात असतं ते लेबल कोणीतरी कुठल्यातरी मशीनवर छापलेलं असतंच ना, त्याला कोणी काही विचारल्याचं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. मी देवगड तालुक्यातल्या एका छोट्या प्रेसमधे बसते, प्रेस घरचीच आहे, मशीन दीर बघतात, डीटीपी (कॉम्प्युटरवर मजकूर आणि डिझाईन जुळवायचं काम), काउंटर आणि उधारीची वही माझ्याकडे. म्हणून वाटलं की हे आपणच लिहावं, प्रेसवाल्यांच्या बाजूने पण आणि थोडं त्यांच्या विरोधात पण.

आमच्याकडे वर्षभर काय चालतं ते आधी सांगते. गणपतीच्या आधी आरतीची पुस्तकं आणि मंडळांची पावती पुस्तकं, तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिका, मग जत्रांचे सीझन सुरू झाले की दशावताराची हँडबिलं, महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या यात्रेचे बॅनर आणि पत्रकं. दुकानदारांची बिलबुकं बारा महिने. पावसात काम कमी आणि त्रास जास्त, कागद दमट हवेने लाटेसारखा वाकतो, मशीन एकाच वेळी दोन-दोन शीट ओढते, शाई वाळत नाही आणि एका शीटची दुसऱ्याच्या पाठीवर उठते, त्यात लाईट गेली की दीर सगळं बंद करून नुसते बसून असतात. डिसेंबर उजाडला की मात्र आंब्याची लेबलं सुरू होतात आणि खरं सांगायचं तर आमच्या प्रेसचं वर्ष त्याच्यावरच निघतं.

मोठी कोरुगेटेड, म्हणजे पन्हळी पुठ्ठ्याची, खोकी आमच्यासारख्या प्रेसमधे होत नाहीत, तेवढं मशीनच नाही, ती बाहेरून कारखान्यातून छापूनच येतात. आमच्याकडे खोक्यावर चिकटवायची लेबलं, फळावरचे छोटे गोल स्टिकर, आंबा कसा पिकवायचा त्याचं पत्रक आणि बिलबुक. पूर्वी लाकडी पेटीवर पत्र्याचं स्टेन्सिल ठेवून ब्रशने नाव मारायचे, बागायतदाराचं नाव आणि मार्का, बस. आता आंब्याचा फोटो पाहिजे, पान पाहिजे, मागे समुद्र पाहिजे, सोनेरी बॉर्डर पाहिजे. आमचं मिनी ऑफसेट छपाई मशीन एका रंगाचं, म्हणजे पिवळा, मजेंटा, निळा, काळा असं एकच शीट चार वेळा मशीनमधून काढायचं, दर वेळी आधीच्या रंगावर बरोब्बर बसलं पाहिजे, नाहीतर आंब्याला दोन कडा दिसतात. आणि हापूसचा रंग काढणं वाटतं तितकं सोपं नाही, मजेंटा थोडा जास्त गेला की देठाकडून लाली येऊन तो पायरीसारखा दिसायला लागतो, कमी गेला तर कच्चा वाटतो. दीर पहिली शीटं काढतात ती उजेडात दारात नेऊन बघतात, मग परत येऊन शाईच्या चाव्या फिरवतात, परत दारात. असं करून रंग पकडला की मगच माल काढायचा. बागायतदार स्वतः उभा असला तर तोही दारात जातो, दोघं मिळून बघतात. मला हे काम फार आवडतं आणि म्हणूनच त्या लेबलचा कोणी खोटा वापर केला की जीव तुटतो.

आता मुद्द्याचं. ऑर्डर येते कशी ते बघा. बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो, कोणाच्यातरी खोक्यावरच्या लेबलचा, तिरका काढलेला, आणि खाली मेसेज, सेम टू सेम पाहिजे, फक्त नाव आणि नंबर बदला. ओळखीचा बागायतदार असेल तर प्रश्न नाही, त्याची बाग माहीत, त्याचे वडील माहीत, कलमं कुठल्या कातळावर आहेत ते पण माहीत. पण काही लोक असे येतात की ज्यांना आम्ही कधी बघितलेलं नाही, गावाचं नाव विचारलं तर नुसतं 'इकडचाच' म्हणतात, लेबलं मात्र हजारांनी पाहिजे आणि तीही एप्रिलच्या शेवटाला, जेव्हा इथला बागायतदार स्वतःची लेबलं कधीच घेऊन गेलेला असतो. नाव पण पाहिजे 'देवगड हापूस' एवढंच, बागेचं नाव नको, पत्ता नको, फोन नको. अशा एकाला मी विचारलं की आंबा कुठला आहे, तर तो म्हणाला, "वहिनी, माका नुसती लेबला होयी, आंबो खयचो हा ता तुमका कित्याक होया?" बोलला अगदी हसत, पैसे पण रोख काढून ठेवले होते. आम्ही ते काम घेतलं नाही. पण तेवढ्याने काय झालं असं समजू नका, तो दुसरीकडे गेला असणार, आणि आता तर मोबाईलवरून डिझाईन पाठवायचं आणि पार्सल घरी, तिकडे तर विचारणारं माणूसच नाही.

रोख पैसे नाकारणं आमच्यासारख्यांना किती जड जातं हेही तुमच्या वाचकांना कळू दे. इथला चांगला बागायतदार लेबलं उधारीवरच नेतो, पेटीचे पैसे मार्केटमधून आले की देतो म्हणतो, आणि ज्या वर्षी थ्रिप्स किडीने नाहीतर अवकाळीने मोहोर गेला त्या वर्षी तो तरी कुठून देणार, आम्ही पण मागत नाही. प्लेट (मशीनवर चढवायचा पातळ पत्रा, ज्याच्यावरून छपाई होते), शाई, कागद मात्र आम्हाला रोखीने. अशा वेळी समोर अनोळखी माणूस नोटा मोजत असतो. म्हणून नुसतं 'प्रेसवाल्यांनी प्रामाणिक राहावं' एवढं म्हणून भागणार नाही, नियम पाहिजे आणि तो सगळ्या प्रेसना सारखा पाहिजे.

आणि कायदा नाही असं अजिबात नाही, हे मला स्वतःलाही नीट वाचल्यावरच कळलं. हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे आपण ज्याला जीआय म्हणतो, ते ऑक्टोबर 2018 मधे मिळालं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या 5 जिल्ह्यांतला हापूस तोच हापूस. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि आपल्या देवगड तालुका आंबा उत्पादक संस्थेसह बागायतदारांच्या 3 संस्था, यांच्या नावावर ते आहे. बागायतदाराने रीतसर नोंदणी केली की त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून सर्टिफिकेट मिळतं. आता 1999 च्या जीआय कायद्याचं कलम 39 बघा. खोटं मानांकन लावणाऱ्याला कमीत कमी 6 महिने आणि जास्तीत जास्त 3 वर्षं कैद, शिवाय 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत दंड. आणि हे फक्त खोटं नाव लावणाऱ्याला नाही, त्या कामासाठी डाय, ब्लॉक, मशीन किंवा प्लेट बनवणारा, जवळ ठेवणारा पण त्याच कलमात येतो. प्लेट हा शब्द कायद्यात आहे! फसवायचा इरादा नव्हता हे सिद्ध करता आलं तरच सुटका, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्यावर आरोप आहे त्याची. किती प्रेसवाल्यांना हे माहीत आहे? मी ओळखीच्यांना विचारलं तर बऱ्याच जणांना जीआय म्हणजे तो एक लोगो असतो एवढंच माहीत होतं.

ह्याच्या उलट निवडणुकीचं बघा. उमेदवाराचं साधं पत्रक छापायचं असलं तरी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127 अ आहे, पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव पत्ता पाहिजेच, छापून घेणाऱ्याचं सहीचं डिक्लेरेशन पाहिजे, त्याला ओळखणाऱ्या 2 माणसांच्या सह्या पाहिजेत, आणि छापून झाल्यावर एक प्रत डिक्लेरेशनसकट वर पाठवायची. चुकलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद नाहीतर 2 हजारांपर्यंत दंड नाहीतर दोन्ही. आचारसंहिता लागली की तहसीलला प्रेसवाल्यांची मीटिंग होते, सगळ्यांना नीट समजावून सांगतात, आणि आम्ही पाळतो, कुरकुर न करता पाळतो, कारण नियम सगळ्यांना सारखा आहे आणि गिऱ्हाईकालाही तो माहीत असतो. तो स्वतःच विचारतो, वहिनी फॉर्म भरायचा ना. बचत गटाच्या बायका आमरसाच्या डब्याचं नाहीतर कोकम सरबताचं लेबल करायला येतात तेव्हा त्यांच्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा, 14 आकडी नंबर असतो, नसेल तर आम्हीच सांगतो आधी तो काढा मग या, आणि त्या काढून आणतात. म्हणजे चार बरण्या सरबत विकणाऱ्या बाईकडे नंबर आहे आणि ट्रकभर आंबा दुसऱ्याच्या नावावर विकणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, हे कुठल्या हिशेबात बसतं?

आणखी एक गोष्ट. पूर्वी 1867 च्या कायद्याप्रमाणे प्रेस सुरू करताना मॅजिस्ट्रेटपुढे डिक्लेरेशन करावं लागायचं, सासऱ्यांनी केलेलं अजून फाईलला आहे. नवीन कायदा 1 मार्च 2024 पासून आला आणि ती भानगड संपली. चांगलंच झालं, त्या हेलपाट्यांची मला काही हौस नाही. पण त्यामुळे तालुक्यात प्रेस किती, डिजिटल प्रिंटिंगवाले किती, फ्लेक्सवाले किती, ह्याची सरकारकडे तशी यादीच उरली नाही, मग सूचना तरी कोणाला पाठवणार? निवडणुकीला शोधतात तसंच शोधावं लागेल.

आपल्या आंबा उत्पादक संस्थेने 2025 च्या सीझनपासून प्रत्येक फळावर वेगळ्या नंबरचा युआयडी स्टिकर लावायला सुरुवात केली, ते मला मनापासून पटलं. प्रेसच्या बाजूने बघितलं तर त्यातली हुशारी लगेच कळते. ऑफसेटच्या प्लेटवर एकदा जे उमटलं तेच पहिल्या शीटवर आणि तेच शेवटच्या शीटवर, हीच तर ऑफसेटची ताकद, आणि नकली लेबल म्हणूनच इतकं स्वस्तात आणि भराभर निघतं. प्रत्येक स्टिकरवर नंबर वेगळा आला की तो प्लेटवाल्याचा खेळच राहत नाही. पण ह्या स्टिकरमुळे आमच्याकडची स्टिकरची कामं कमी होतील असं दीर म्हणाले, होतील कदाचित. तरी ते चालू राहावं असंच मी म्हणेन, कारण देवगडचं नावच बाजारात पडलं तर बागायतदार लेबल कशाचं छापणार आणि आम्ही तरी कोणासाठी मशीन लावणार. पण स्टिकर लागतो फळावर आणि मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक रस्त्यावर आधी बघतं ते खोकं. खोक्यावर मोठ्या अक्षरात देवगड दिसलं की वरचं फळ उचलून स्टिकर कोण तपासतंय, घाईत असतो माणूस. म्हणून खोकं आणि लेबल ह्याला पण नियम पाहिजे.

माझी मागणी फार मोठी नाही. कृषी विभाग, संस्था आणि तहसील कार्यालयाने मिळून नोव्हेंबरमधे, लेबलांची कामं सुरू व्हायच्या आधी, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या सगळ्या प्रेसवाल्यांची एक मीटिंग घ्यावी, निवडणुकीला घेतात तशी, त्यात डिजिटल आणि फ्लेक्सवाले पण बोलवावे. हापूस किंवा देवगड, रत्नागिरी असं नाव लेबलवर असेल तर जीआयच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स घेतल्याशिवाय काम घ्यायचं नाही, आणि लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात प्रेसचं नाव टाकायचं, एवढंच ठरवावं. खोकी बनवणाऱ्या बाहेरच्या कारखान्यांना पण हेच लागू पाहिजे, नाहीतर आम्ही इथे झेरॉक्स मागत बसायचं आणि तिकडून ट्रक भरून कोरी-करकरीत 'देवगड' छापलेली खोकी यायची, मग काय उपयोग. ज्या छोट्या बागायतदारांनी अजून नोंदणी केलेली नाही, आणि असे खूप आहेत, त्यांच्यासाठी पहिलं एक वर्ष सातबारा आणि संस्थेचं पत्र चालवावं, नाहीतर खरा माणूस अडकेल आणि खोटा दुसऱ्या शहरातून छापून आणेल. सर्टिफिकेट खरं आहे का हे बघायला गावानुसार नावांची एक यादी आम्हाला मिळावी, छापील मिळाली तर उत्तम, पीडीएफ पाठवली तरी चालेल.

तुमच्या वार्ताहरांना पण एक विनंती आहे. पुढच्या वेळी नकली हापूस पकडला गेला की आंबा कुठून आला ह्याच्याबरोबर लेबल आणि खोकं कुठे छापलं तेही विचारा आणि छापा. ते आमच्या तालुक्यातल्या प्रेसमधे छापलेलं निघालं तरी छापा.

आपली,
एक मुद्रक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग