सेटअपची फाइल हातात मिळते का?

संपादक महोदय,

सेल लागला की पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानांची तुलना सुरू होते आणि ती किमतीवरच संपते. पैसे भरल्यावर हातात काय पडते, हे त्याआधी बघायला हवे.

स्टीमचे दुकान सर्वांत मोठे, २०१५ पासून किमतीही रुपयांत. पण पैसे भरायच्या पानावर तिथे एक ओळ असते: तुम्हाला मिळतो तो गेम वापरण्याचा परवाना. परवान्याचे काय होऊ शकते, हे युबिसॉफ्ट कंपनीच्या ‘द क्रू’ या गेमने दाखवले. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही गेला, कारण तोही सर्व्हरवाचून चालत नव्हता.

जीओजी या दुसऱ्या दुकानातून सेटअप, म्हणजे गेम इन्स्टॉल करायच्या फाइल, उतरवून स्वतःजवळ ठेवता येतो. मोठ्या गेमसोबत एक ‘ईएक्सई’ आणि काही ‘बिन’ फाइल येतात. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये लागतात. एक जरी राहिली तरी इन्स्टॉल अर्ध्यात अडते. त्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवल्या की पुढे इंटरनेट नसले तरी गेम टाकता येतो. मात्र अशा प्रतीला अपडेट आपोआप येत नाहीत, दुरुस्तीच्या फाइल (पॅच) आपणच उतरवायच्या. शिवाय नवे मोठे गेम इथे उशिरा येतात, काही येतच नाहीत. एपिक हे तिसरे दुकान दर गुरुवारी गेम फुकट देते, ते खात्यात जमा करावेत. विकत घ्यायला मात्र मी तिथे शेवटी जाईन.

परताव्यात फरक मोठा आहे. स्टीम आणि एपिकवर खरेदीपासून १४ दिवस आणि खेळ २ तासांपेक्षा कमी, या दोन्ही अटी पाळाव्या लागतात. गेम मेनूवर उघडा ठेवून जेवायला गेलात तरी घड्याळ चालूच राहते. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात कथा बाजूला ठेवा. ग्राफिक्स अडखळतात का, कंट्रोलर चालतो का, तेवढेच तपासा. जीओजीवर ३० दिवस मिळतात, खेळून झाले असले तरी.

खरेदीआधी स्टीमच्या पानावर उजवीकडची बारीक अक्षरे वाचा. युबिसॉफ्ट किंवा ईए अशा गेम कंपनीचे वेगळे खाते लागत असेल तर ते तिथेच लिहिलेले असते. ते नजरेतून सुटले की पैसे भरल्यावर दुसरा लाँचर, म्हणजे गेम सुरू करणारे त्या कंपनीचे सॉफ्टवेअर, समोर येतो.

डाउनलोडचे गणित इथून तिथून सारखेच. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर १२.५ एमबी उतरते, कारण जोडणी बिटमध्ये मोजतात आणि फाइल बाइटमध्ये. १०० जीबीच्या गेमला सव्वादोन तास धरा; रोज २ जीबीच्या मोबाइल पॅकवर ५० दिवस! डिस्कही काठोकाठ भरू नका. मोठा अपडेट लावताना जुन्या आणि नव्या फाइल काही काळ शेजारी-शेजारी राहतात, म्हणून गेमच्या आकाराहून बरीच जास्त जागा लागू शकते. मधेच वीज गेली आणि नंतर गेम उघडेना, तर लगेच काढून पुन्हा उतरवू नका. स्टीमवर गेमच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स आणि तिथे व्हेरिफाय. बिघडलेल्या तेवढ्याच फाइल पुन्हा येतात.

— एक वाचक, ठाणे